एकसष्ट

रविवारी सकाळी टेबलावर नकाशा पसरतो,
त्यावर पावाचा चुरा, चॉकलेटचे दाणे.
आमच्या फ्रीसलंडात सायकलींच्या वाटांना नावं लागत नाहीत,
नुसते आकडे पुरतात.
प्रत्येक फाट्यावर एक खांब, खांबावर एक आकडा,
आणि पुढच्या आकड्याकडे बाण.
मी सांगते, फार्दाऊ चिकटपट्टीवर लिहिते :
बावीस, चव्वेचाळीस, एकसष्ट, आठ.
जीभ बाहेर काढून लिहिते.
मग पट्टी स्वतःच्या हँडलवर डकवते.
सहा वर्षांची आहे. आजची वाट तिच्या ताब्यात.

येल्ते माझ्या सायकलच्या पुढच्या लाकडी पेटीत,
गुडघ्यांवर जुना टॉवेल, मुठीत सफरचंदाची फोड.
त्याला एकच काम दिलंय, मेंढ्या मोजायचं.
त्याला तीनपर्यंत येतं, त्यानंतर पुन्हा एक,
त्यामुळे आमच्या बंधाऱ्यावर
तीनपेक्षा जास्त मेंढ्या कधीच नसतात.

बावीस आला. गुरांसाठी टाकलेल्या लोखंडी जाळीवरून
दात खडखडवत गेलो.
"परत!" येल्ते ओरडला.
मागे फिरलो, पुन्हा खडखडलो.
चव्वेचाळीसही बरोबर आला.
त्यानंतर फार्दाऊ बेल वाजवत डावीकडे वळली
आणि मान न वळवता ओरडली, "सोळा!"

सोळा?

एकसष्ट म्हणताना आमच्या भाषेत
एक आधी येतो, साठ मागून धापा टाकत.
तिनं एक ऐकला, एक लिहिला.
साठ ऐकले, सहा लिहिला.
बावीस आणि चव्वेचाळीस दोन्हीकडून सारखेच,
म्हणून तोवर काही बिघडलं नव्हतं.
सीब्रेन असता तर थांबला असता, चष्मा पुसला असता,
नकाशाशी हुज्जत घातली असती.
पण या महिन्यात त्याचे रविवार बोटीवर जातायत.
मी काही बोलले नाही. वारा पाठीशी होता,
आणि वारा पाठीशी असला की प्रत्येकाला वाटतं,
काय पाय आहेत आपले!

सोळाशी रस्ता कालव्यात संपला.
पलीकडे जायला एक तराफा,
तराफ्यावर गंजकं चाक, चाकाला साखळी,
नावाडी आपणच.
चाक दोघींनी मिळून फिरवलं.
मधोमध फार्दाऊनं हात सोडला. "इथेच थांबू."
थांबलो. पाणी फळ्यांखाली चुळबुळत होतं.
पाणकोंबडीच्या घरट्यात एक निळी स्ट्रॉ होती, विणलेली.
काठावर कोणी वाट बघत नव्हतं,
म्हणून बराच वेळ आम्ही कुठेच नव्हतो.

परतताना वाऱ्यानं सगळी उधारी वसूल केली.
पेटीची सायकल ओढाळ गाईसारखी बाजूला खेचू लागली,
एक हात तिच्या हँडलवर,
दुसरा फार्दाऊच्या पाठीवर, रेनकोटच्या शिवणीशी.
याच बंधाऱ्यावर माझी आई मला असंच ढकलत न्यायची,
तेव्हा मला वाटायचं, मीच जोरात चालवतेय.
फार्दाऊला तसं वाटत नाही.
"हात काढ."
काढला.
एक वीत मागे पडली. मग एक सायकलभर.
मग वाऱ्यातून तिचं रडणं आलं, तुटक तुटक, रागावलेलं.
मी ब्रेक दाबला.
ती जवळ आली, नाक बाहीला पुसलं, म्हणाली,
"ठेव. पण कोणाला दिसता कामा नये."

मग तसंच.
समोरून कोणी आलं की मी हात खाली घ्यायची,
ती मान ताठ करून एकटी चालवायची,
आणि तो माणूस पुढे गेला
की मागे न बघता जरा कलायची माझ्याकडे.
पोस्टातल्या निवृत्त होकस्त्राबाईंनी टोपी सावरत म्हटलं,
"शाबास! या वाऱ्यात!"
फार्दाऊनं आभार मानले. मी क्षितिज बघितलं.

अकरा किलोमीटर जास्त झाले. मांड्या अजून बोलतायत.
दाराशी येल्तेला पेटीतून उचललं,
सफरचंद मुठीत काळं पडलेलं,
डोळे मिटलेले.
खांद्यावर घेतलं तेव्हा झोपेतच म्हणाला,
"तीन."